पाहुण्यांची अंथरुणं आणि व्हॅक्यूम पिशव्या

दोन खोल्यांच्या घरात सर्वांत जास्त जागा अडवतात ती पाहुण्यांची अंथरुणं. दिवाण त्यांनीच भरतो, माळ्यावरही तीच. हवा काढून चपट्या करायच्या व्हॅक्यूम पिशव्या यावर चांगला उपाय आहेत, पण सगळ्याच अंथरुणांना नाहीत. पैसे वाया जातात ते बहुधा चुकीची वस्तू भरल्यामुळे.

ही पिशवी फक्त हवा काढते. म्हणून आधी घडीवर तळवा दाबून बघा. हात चार बोटं खाली गेला तर पिशवीचा फायदा आहे. पॉलिएस्टर भरलेली रजई, फायबरच्या उशा, मिंक ब्लँकेट यांची जाडी निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. सोलापुरी चादर मुळातच घट्ट विणीची असते, आणि गोधडी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने दाबून शिवलेले. त्यांच्यात काढायला हवाच नसते. त्यांच्यासाठी जुन्या चादरीचं गाठोडं पुरे. कापूस भरलेली रजई दबते, पण महिनोन्‌महिने दाबून ठेवली की आतल्या कापसाच्या गुठळ्या होतात आणि ती पुन्हा पिंजून घ्यावी लागते. लोकरीचे स्वेटर, शाली भरायच्याच असतील तर एका हंगामापुरत्या, आणि हवाही अर्धवटच काढायची. पैठणी मात्र कधीही भरू नये. दाबलेल्या घडीवर जरीचे धागे मोडतात, आणि तिची घडी तर दर दोन-तीन महिन्यांनी बदलायला हवी. ती मलमलीतच बरी.

घेताना पिशवी कशाची आहे ते वाचा. नुसत्या पॉलिथिलीनमधून हवा हळूहळू आत शिरते. नायलॉन आणि पॉलिथिलीन असे दोन थर एकत्र असलेली पिशवी टिकते. पाकिटावर ते ‘पीए’ आणि ‘पीई’ असं लिहिलेलं असतं. झिप दुहेरी हवी. मापात 80 बाय 100 सेंटिमीटरची पिशवी सर्वांत कामाची. तिच्यात डबल बेडचं एक मिंक ब्लँकेट नीट बसतं. 50 बाय 70 ची कपड्यांसाठी ठीक, अंथरुणासाठी नाही. सोबत मिळणारा हातपंप छोट्या पिशवीला चालतो, मोठीला दंड भरून येतात. घरात व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर मोठ्या मापाच्या पिशव्या घेण्याआधी विचार करा.

आता भरणं. होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात, आणि नेमकी तीच वेळ योग्य. होळी ते गुढीपाडवा या दिवसांत हवा कोरडी असते आणि ऊन कडक. अंथरूण तीन-चार तास उन्हात, मध्ये एकदा उलटून. पण उन्हातून आणून गरम गरमच पिशवीत कोंबू नका. तासभर पंख्याखाली निवू द्या, नाहीतर आतली वाफ गार झाल्यावर कापडातच राहते. पावसाळ्यात भरलेल्या पिशवीतून दिवाळीनंतर जो कुबट वास येतो, त्याचं कारण कापडात राहिलेला हा दमटपणा. कोकण-मुंबईच्या हवेत तर बुरशीचे काळे ठिपकेही पडतात. न धुतलेलं काहीही आत जाऊ नये. घामाचे, अन्नाचे डाग असले की कसर लागायला वाव मिळतो.

घडी पिशवीपेक्षा थोडी अरुंद करा आणि झिपेपासून वीतभर जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरलं की हवा काढताना झिपेवर ताण येतो आणि ती कोपऱ्यातून उघडते. व्हॉल्व्ह, म्हणजे पिशवीवरचं हवा काढायचं तोंड, घडीच्या सपाट भागावर येऊ द्या, कडेवर नको.

पिशवी दुसऱ्या दिवशी फुगलेली दिसली की लोक ती फाटली समजून टाकून देतात. पण दोष बहुतेक वेळा झिपेत अडकलेल्या ब्लँकेटच्या लवेत असतो. एक बारीक केस पुरतो. झिप कोरड्या सुती फडक्याने आतून पुसा, मग झिपेवरची सरकती क्लिप एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि टोकांशी अंगठ्याने दाबून. तरीही हवा भरली तर व्हॉल्व्हच्या रबरी चकतीखालची धूळ पुसा. मग उरतं ते छिद्र. पिशवी फुगवून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे पिशवी कोरडी करून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. झिपच गेली असेल तर पिशवी गेली.

व्हॅक्यूम क्लीनरची पुढची ब्रशची तोंडं काढून नुसती नळी व्हॉल्व्हवर टेकवा. पिशवी विटेसारखी कडक होईपर्यंत ओढायची गरज नाही. फार ताणलेल्या पिशवीला घड्यांच्या टोकांवर सुईएवढी छिद्रं पडतात. जाडी निम्मी झाली की थांबा.

ठेवताना दिवाणाच्या आत हात फिरवून बघा. प्लायवुडच्या कडा, बाहेर आलेले खिळे, स्टेपलच्या पिना यांनीच पिशव्या फाटतात. तळाशी जुनी चादर अंथरा. पिशव्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून दोहोंमध्ये वर्तमानपत्राचा कागद. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात प्लॅस्टिक तापतं, तिथे नको. उंदीर असतील तर तिथेही नको. डांबरगोळ्या आत टाकल्या तर वास कोंडतो आणि ब्लँकेटमधून आठवडाभर जात नाही. रिकाम्या पिशव्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

आकार घटतो, वजन घटत नाही. पाच किलोचं ब्लँकेट चपटं झालं तरी पाच किलोचंच. विमानाच्या बॅगेत जागा होते, काट्यावर मात्र सगळं मोजलं जातं, आणि येताना हवा काढायला तिथे व्हॅक्यूम क्लीनर लागतो.

थंडी सुरू झाली की आधी व्हॉल्व्ह उघडून हवा आत जाऊ द्या, मग झिप. थेट झिप ओढली की ती खेचली जाऊन ढिली होते. अंथरूण झटकून दोन तास उन्हात टाका. पाहुणे संध्याकाळी यायचे असतील तर पिशवी सकाळीच उघडा, रजई फुगायला तेवढा वेळ लागतो.