आयुष्य कापडात मांडायचं: गोधडी की भरतकाम?

आईच्या साठीला, मुलीच्या लग्नाला किंवा नुसतं स्वतःसाठी म्हणून आयुष्याचे टप्पे कापडात उतरवायचे असतील, तर आधी कपाट उघडा. बारशाचं दुपटं, शाळेचा निळा स्कर्ट, डोहाळजेवणाची हिरवी साडी अजून घडीत असेल तर गोधडी. हे सगळं भांडेवालीला देऊन स्टीलचे डबे घेऊन झाले असतील, तर भरतकाम. मी दोन्ही केलंय; गोधडी आईसाठी, भरतकाम माझं मला.

गोधडीत काही काढावं लागत नाही. तुकडा दिसला की घरचे आपोआप बोलायला लागतात. पाठीला जुनं नऊवार घ्यायचं, काठाकडून धावदोरा घालत आत आत यायचं. मला तिचं सगळ्यात आवडतं ते म्हणजे तिला आतली बाजू असते. आजोबा गेल्यावर आजी नेसायची ते फिक्कं लुगडं मी मधोमध लावायला निघाले होते. मावशी म्हणाली, ‘‘ते वरतं कायले लावतं? अंदर टाक.’’ टाकलं. आता डाव्या कोपऱ्यात हाताला चार पदर लागतात. ते का, हे आम्हा दोघींनाच ठाऊक आहे. भरतकामात अशी सोय नाही. तिथे जे भराल ते पाहुण्यालाही दिसणार.

एक चूक सांगते. पहिल्याच धुण्यात लाल साडीचा रंग बारशाच्या दुपट्यावर उतरला. शिवण्याआधी प्रत्येक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. शालू शक्यतो घेऊच नका. त्यातली जरीची तार टोचते आणि जुनं रेशीम घडीवर विरतं. घ्यायचाच असेल तर खाली मलमल लावा.

भरतकामाला कपडे लागत नाहीत, पण काय दाखवायचं हे ठरवावं लागतं आणि तिथेच बहुतेक जण फसतात. पाळणा, पदवीची टोपी, मंडप असं काढलं की लग्नपत्रिका तयार होते. प्रत्येक टप्प्याला घरातली एकच वस्तू घ्या. कॉलेजसाठी मी लूनाचं हँडल भरलं, नोकरीसाठी डब्याची कडी. लग्नानंतरच्या वर्षांसाठी आईच्या अक्षरातली एक ओळ घेतली, दुधाच्या हिशेबाची: ‘मंगळ. अर्धा ली. नाही’. कार्बनने कापडावर उतरवली आणि एका पदराने उलटी टीप घातली. तिचा ‘ळ’ तसाच वाकडा आला. गोधडीला हे जमणार नाही.

कापड म्हणून मांजरपाट चालतो, खादी जास्त चांगली. वर्ध्याला जाणं होणार असेल तर मगन संग्रहालयात डोकावा. गांधीजींच्या हस्ते 1938 साली सुरू झालेल्या या संस्थेत नैसर्गिक रंगातली खादी मिळते. खादी आटते, म्हणून आधी धुऊन घ्या. दोऱ्याची लडी साधारण 8 मीटर, 6 पदरी असते. अक्षराला एक-दोन पदर पुरे, झाडाला सगळे.

हातमागावर नवं विणून घ्यावं असंही काहींच्या मनात येतं. विदर्भातल्या करवतकाठी साडीचा दातेरी काठ कोसा रेशमावर फार देखणा दिसतो, पण एका तुकड्यापुरता मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, कोण लावेल? आणि त्यात तुमचं जुनं काहीच येत नाही. मशीनवर शिवलेली गोधडी लवकर होते आणि पुठ्ठ्यासारखी ताठ लागते.

ऋतूचंही बघा. मे महिन्यातल्या नागपुरात गोधडी मांडीवर घेऊन बसणं म्हणजे शिक्षाच. कूलर लावला तर दमट हवेत सुया गंजतात. तिचं काम दिवाळी ते होळी. मला दोन हिवाळे लागले. भरतकामाची रिंग बाराही महिने हातात धरता येते, फक्त तयार चौकट पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. ऊन दोऱ्याचा रंग खातं.

गोधडीचा काठ मिटला की पुढचा टप्पा जोडायचा तो ठिगळ म्हणूनच. आईची गोधडी सध्या माझ्या मुलीबरोबर होस्टेलला आहे, एक ठिगळ तिनेच लावलंय, टी-शर्टचं. माझ्या भरतकामात खाली वीतभर कापड कोरं आहे. म्हणून ते अजून काचेत बसवलेलं नाही.