दगडी सिंह की शिएझी? दारावरचा राखणदार ओळखताना

चिनी राजवाडे आणि समाध्यांपुढचा प्रत्येक आयाळवाला प्राणी सिंह नसतो. काही ठिकाणी तो शिएझी, म्हणजे चिनी दंतकथांतला एकशिंगी प्राणी असतो, आणि दोघांचं काम अगदी वेगळं आहे.

सिंह चीनमधला नव्हेच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजघराण्याच्या काळात पश्चिमेकडच्या राज्यांतून नजराणा म्हणून तो आला, म्हणून मूर्तीत खऱ्या सिंहापेक्षा कल्पनाच जास्त दिसते. तो सत्ता आणि संरक्षणाचं प्रतीक. दारावर जोडीच हवी: नराच्या उजव्या पंजाखाली चेंडू, मादीच्या डाव्या पंजाखाली पिल्लू. चूक होते ती बाजूंची. डावं-उजवं इमारतीच्या आतून बाहेर बघताना धरायचं. नर डावीकडे, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला तो उजव्या हाताला दिसतो. समोर उभं राहून मांडणी केली की जोडी उलटी बसते.

शिएझीची खूण एकच, कपाळावरचं शिंग. भांडणात खोटं कोण ते त्याला कळतं आणि तो त्यालाच शिंग मारतो, अशी श्रद्धा. म्हणून तो न्यायाचा प्राणी. मिंग आणि चिंग या नंतरच्या राजघराण्यांच्या काळात अधिकाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकांच्या छातीवर शिएझीचं भरतकाम असे. सिंह मात्र वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांचा.

बीजिंगजवळच्या मिंग समाध्यांच्या मार्गावर हे दोघेही भेटतात. तिथल्या 24 दगडी प्राण्यांत प्रत्येकी चार, दोन बसलेले, दोन उभे. आयाळ बघून ठरवू नका, आधी कपाळ बघा.