गावातला गेमिंग आणि स्ट्रीमिंग पीसी: १४ महिने वापरल्यानंतर

संच २०२४ च्या दिवाळीत जोडलेला. रायझन ५ ५६००, बी५५० चा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) आणि जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट. मॉनिटर सोडून ५५ हजारांच्या आत बसला. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, त्यामुळे आज तेवढ्यात बसवायला जाल तर हात पोळतील. सुटे भाग नागपूरला सीताबर्डीत घ्या किंवा ऑनलाइन, पण बिल पक्कं हवं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा. वॉरंटीच्या वेळी तोच मागतात.

कार्डावरून वाद होणार. एएमडीचं आरएक्स ६६०० गेममध्ये या ३०५० ला सहज मागे टाकतं, हे मान्य. पण ते १३२ वॅट खातं, हे ७० वॅट. या मॉडेलला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. शिवाय कमी बिटरेटवर (सेकंदाला जाणारा डेटा कमी असताना) एनव्हिडियाच्या एन्कोडरचं (व्हिडिओ दाबून पाठवणाऱ्या भागाचं) चित्र कमी फुटतं, आणि गावात बिटरेट कमीच ठेवावा लागतो. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी मात्र स्ट्रीमिंगसाठी घेऊच नका, त्यांत व्हिडिओ एन्कोडरच नाही. ३०५० घेताना डबा नीट वाचा. ८ जीबी आणि ६ जीबी ही नावापुरती भावंडं, आतली चिप आणि मेमरीची रुंदी वेगळी.

गेम, ओबीएस (स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटर मिळून भिंतीच्या सॉकेटवर १८० ते २०० वॅट लागतात. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर. ६०० व्हीए चा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यात १२ व्होल्ट ७ एएच ची एक बॅटरी. लाइन गेली की गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती दहाएक मिनिटं मिळतात, जास्त नाही. घरी १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर पंखा-दिवे धरून चारेक तास निघतात. पण तो साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर चांगला एसएमपीएस गुणगुणतो, कधी लाइन जाताक्षणीच मशीन बंद पडतं. इन्व्हर्टरच्या मागे मोड बदलायचं छोटं बटण असतं, ते ‘यूपीएस’ वर ठेवा. नाहीतर बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसला झेपत नाही, कारण तो जेमतेम १५-१६ मिलिसेकंद तग धरतो.

इथे एक फसगत आहे. यूपीएस मोडवर व्होल्टेज १८० च्या आसपास आलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी व्होल्टेज नेमकं तिथेच रेंगाळतं. म्हणजे लाइन असूनही बॅटरी रिकामी होत जाते, आणि रात्री खरोखर लाइन गेली की दहा मिनिटांत खेळ खल्लास. उपाय एकच, इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर. एसएमपीएस घेताना लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं पाहा. २००–२४० वाले स्वस्तात मिळतात, पण कमी दाबावर दगा देतात.

अर्थिंगकडे कोणी लक्ष देत नाही आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या, माइकमध्ये घूंऽऽ असा आवाज. मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेट तपासा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ ५ च्या वर गेलं किंवा फेज-अर्थ भलतंच काही दाखवू लागलं तर बहुधा अर्थिंग गेलंय. काळ्या जमिनीत हे दर उन्हाळ्यात होतं, कारण माती भेगाळते आणि सळई सोडते. खड्ड्यात मीठ-कोळसा असेल तरी एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. ‘थ्री पिनमध्ये न्यूट्रलच अर्थला जोडून देतो’ असं वायरमन म्हणाला तर साफ नाही म्हणा. न्यूट्रल कधी तुटली तर अख्ख्या कॅबिनेटमध्ये करंट उतरतो.

जोडणीत बहुतेकांचे हात अडतात ते कूलरपाशी. ५६०० सोबत येणारा कूलर चार स्क्रूचा आहे. आधी मदरबोर्डवरचे प्लास्टिकचे दोन हुक काढावे लागतात, आणि ते काढताच मागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडते. ती एका हाताने मागून दाबून धरा, चारही स्क्रू दोन-दोन आटे टेकवा, मग तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळत जा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर पेस्ट एका बाजूला सरकते. पेस्ट लावूनच येते, वेगळी नको. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी दहा मिनिटं गेम चालवून मशीन गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हलका फिरवून सोडवा. थंड असताना ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपसून सोबत येतो आणि पिना वाकतात.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी म्हणजे रॅमचा पूर्ण वेग सुरू. हे विसरलात तर पैसे ३२०० चे आणि वेग २१३३ किंवा २४०० चा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावा, मदरबोर्डला नाही, ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून तालुक्याला नेलेली मशीनं इथेच अडलेली असतात. व्हॅलोरंट खेळायचं तर विंडोज ११ टाकण्याआधीच बायोसमधल्या टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंग चालू करा.

ओबीएसमध्ये एनव्हेंक (कार्डातला एन्कोडर), सीबीआर (एकसारखा बिटरेट), कीफ्रेम २ सेकंद. ७२० पी, ३० फ्रेमला २५०० केबीपीएस म्हणजे तासाला सव्वा जीबीच्या आत. ४५०० ला तासाला २ जीबी. मोबाइलच्या रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर स्ट्रीम करायचा विचार करत असाल तर गणित इथेच संपलं, फायबर लागेल. राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस द्या. स्ट्रीम अडखळली की अंदाज न लावता स्टॅट्सची खिडकी उघडा. ‘ड्रॉप्ड’ वाढलं तर इंटरनेट, ‘रेंडरिंग लॅग’ वाढलं तर कार्ड १०० टक्क्यांवर चालतंय. मग गेममध्ये ६० एफपीएस ची मर्यादा घाला आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. रेकॉर्डिंग एमकेव्ही मध्ये ठेवा. मध्येच लाइन गेली तर साधी एमपी४ फाइल उघडत नाही, एमकेव्ही तोपर्यंतची वाचते. यूट्यूब चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना परवानगीला २४ तास लागू शकतात, तेवढं धरून चाला.

आता धूळ. घरात कापूस साठवला असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जाळीवर रुईची गादीच बसते, तूर काढायच्या दिवसांत कुटाराची बारीक धूळ त्यावर. तेव्हा जाळी दर १५ दिवसांनी काढून झटका, एरवी महिन्याला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या फेकू नका, पाल आणि उंदीर तिथूनच आत शिरतात.

मे महिन्यात खोलीत ३८ असताना प्रोसेसर ८५ च्या पुढे गेला, त्याची मर्यादा ९०. बायोसमध्ये इको मोड (प्रोसेसर कमी वॅटवर चालवणारा) लावल्यावर दहाएक अंश उतरले आणि ६० एफपीएस वर फरक दिसला नाही. खोलीतल्या पाण्याच्या कुलरची हवा कॅबिनेटवर सरळ सोडू नका. क्षारांचं पाणी उडतं, फिनवर पांढरा थर धरतो.

मिरग लागला की ढग गडगडताच प्लग आणि लॅनची केबल दोन्ही उपसा. फायबर काचेचा, त्यातून करंट येत नाही, पण फायबरच्या डब्याच्या अडॅप्टरमधून येतो आणि लॅनच्या तांब्यावरून थेट मदरबोर्डात उतरतो.