चिऱ्याच्या घरात अनेक संगणकांसाठी टीपी-लिंक आर्चर सी6

फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात फायबरची एकच जोडणी आहे. तिच्यावर भावाचा कंपनीचा लॅपटॉप, फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतणीचा संगणक, वडिलांचा हिशेबाचा डेस्कटॉप, एक प्रिंटर आणि घरातले सगळे मोबाइल चालवायचे होते. त्यासाठी टीपी-लिंकचा आर्चर सी6 हा राउटर घेतला. बाजारात तो दोन-अडीच हजार रुपयांच्या आसपास मिळतो. माझे मत आधीच नोंदवतो: या राउटरचे पैसे वसूल होतात ते त्याच्या पाठीमागच्या तारेच्या पोर्टांमुळे, म्हणजे केबल खोचायच्या खाचांमुळे. अँटेनांकडे पाहून जे तो घेतील, त्यांची जुन्या गोमंतकीय घरात निराशा होण्याची शक्यता आहे.

इंटरनेट कंपनीकडून घराला साधारणपणे एकच पत्ता मिळतो. राउटर तो स्वतःकडे ठेवतो, आतल्या प्रत्येक यंत्राला 192.168.0 ने सुरू होणारा खासगी पत्ता देतो आणि कोणी काय मागवले होते हे लक्षात ठेवून आलेली माहिती त्या त्या यंत्राकडे पोहोचवतो. हे काम कोणताही राउटर करतो, त्यामुळे निवड करताना पाहायचे असते ते पोर्टांचा वेग. पुष्कळ स्वस्त राउटरांचे पोर्ट 100 एमबीपीएसचे (सेकंदाला 100 मेगाबिट) असतात. तुम्ही 200 एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी तारेने जोडलेल्या संगणकाला शंभराच्या आतच वेग मिळतो आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. आर्चर सी6 चे पाचही पोर्ट, म्हणजे इंटरनेटचा एक आणि संगणकांसाठीचे चार, गिगाबिटचे, म्हणजे 1000 एमबीपीएसचे आहेत. याचा दुसरा फायदा घरातल्या घरात होतो. वडिलांच्या डेस्कटॉपवरची मोठी फाइल पुतणीच्या संगणकावर पाठवायची असेल, तर ती इंटरनेटवर जातच नाही. डिस्कची तेवढी क्षमता असल्यास सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या घरात वेग मिळू शकतो.

वाय-फायबाबत खोक्यावर 1200 हा आकडा ठळकपणे छापलेला असतो. तो 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 867 एमबीपीएस यांची बेरीज करून पुढे नेलेला आहे, आणि हे दोन्ही वेग हवेतल्या जोडणीचे कमाल वेग आहेत. प्रत्यक्ष कामाचा वेग त्याहून बराच कमी असतो. त्यात आमच्याकडच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, काही ठिकाणी हातभर जाडीच्या. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी अशा एका भिंतीपलीकडे क्षीण होतात आणि दुसरीपलीकडे बहुधा पोहोचतच नाहीत, 2.4 च्या लहरी जरा लांब जातात, पण वेग कमी देतात. मधोमध राजांगण असलेल्या घरात मात्र एक सोय आहे. राउटर राजांगणाकडे उघडणाऱ्या दारालगत उंचावर बसवला की समोरच्या खोल्यांना भिंत मध्ये न येता सिग्नल मिळतो. आम्ही तो तसाच बसवला, 2.4 आणि 5 या दोन्ही बँडना वेगवेगळी नावे दिली आणि 2.4 साठी 1, 6 व 11 या चॅनेलांपैकी शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी सर्वांत कमी असलेले चॅनेल निवडले. मोबाइलसाठी तेवढे पुरते.

जागेवरून न हलणाऱ्या संगणकांना मात्र तारच हवी, असे माझे ठाम मत झाले आहे. आम्ही कॅट 6 केबल (गिगाबिटचा वेग पेलणारी नेटवर्कची केबल) कौलांखालच्या वाशांच्या कडेने पीव्हीसी नळीतून फिरवली, कारण उंदीर उघडी केबल ठेवत नाहीत. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. गिगाबिटसाठी केबलमधल्या चारही जोड्या लागतात, तर 100 एमबीपीएसला दोनच पुरतात. त्यामुळे टोकाला प्लग बसवताना तपकिरी जोडीतली एक तार आखूड राहिली, तरी इंटरनेट चालते, पण वेग गुपचूप शंभरावर उतरतो. प्लग दाबण्यापूर्वी तो उजेडात धरून आठही तारा पुढच्या काठापर्यंत पोहोचल्याची खात्री करावी आणि मग संगणकावर जोडणीचा वेग 1000 दिसतो का ते पाहावे. आमच्याकडे केबल टाकायला आलेल्या माणसाने बसवलेला एक प्लग याच कारणासाठी कापून नवा बसवावा लागला.

फायबर घेणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण येते. कंपनीने दिलेली पेटी स्वतःच राउटरचे काम करत असते, आणि तिच्यामागे आपला राउटर लावला की पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. साधे ब्राउझिंग त्यात अडत नाही, पण बाहेरून घरातला कॅमेरा पाहणे किंवा काही ऑनलाइन खेळ अडतात. कंपनीकडून ती पेटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देईल अशी, टाकून घ्यावी आणि पीपीपीओईचे (राउटरने कंपनीकडे लॉग-इन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम, पासवर्ड व लागत असल्यास व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यात इंटरनेटची वाहतूक वेगळी ओळखण्याचा) क्रमांक लिहून घ्यावा. हे शक्य नसेल, तर आर्चर सी6 ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम पेटीकडेच ठेवून फक्त वाय-फाय व तारेची जोडणी देण्यासाठी, चालवता येतो. मग मुलांसाठीचे वेळेचे नियंत्रण त्याच्याकडून मिळत नाही.

पावसाळ्यात वीज जाणे आमच्याकडे नवीन नाही. राउटर 12 व्होल्टवर चालतो, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या छोट्या राउटर यूपीएसवर तो ठेवता येतो. मात्र फायबरची पेटीही त्यावर घ्यायला हवी आणि दोन्ही अडॅप्टरांवर छापलेले व्होल्ट व अँपिअर आधी ताडून पाहावेत. फायबर काचेचा असल्याने कडाडणारी वीज त्यातून आत येत नाही, पण विजेच्या लाइनमधून येते, म्हणून गडगडाट जवळ आला की आम्ही प्लग काढतो. पुढच्या बाजूचा इंटरनेटचा दिवा फार उपयोगी आहे: हिरवा असेल तर सेवा चालू, नारिंगी असेल तर केबल जोडलेली आहे पण इंटरनेट येत नाही. नारिंगी दिसला की संगणक चाळत बसण्यापूर्वी थेट तक्रार नोंदवावी.

चतुर्थीला मुंबई-पुण्याहून घरची माणसे येतात आणि प्रत्येकाला पासवर्ड हवा असतो. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क सुरू करून दिले, तेव्हा पाहुण्यांना इंटरनेट मिळाले आणि हिशेबाचा डेस्कटॉप व प्रिंटर त्यांच्या जाळ्यापासून वेगळे राहिले. सण आटोपल्यावर ते बंद करायला मोबाइलवरचे टीपी-लिंकचे टेदर ॲप पुरते.

उणिवाही आहेत. यूएसबी पोर्ट नसल्याने प्रिंटर किंवा हार्ड डिस्क राउटरलाच जोडून सर्वांना देता येत नाही. आमच्या प्रिंटरला लॅनची, म्हणजे नेटवर्कची केबल जोडण्याची, सोय असल्याने काम भागले. केवळ यूएसबीचा प्रिंटर असेल, तर तो जोडलेला संगणक चालू ठेवावा लागेल. वाय-फाय 6, म्हणजे वाय-फायची नंतरची जास्त वेगवान पिढी, यात नाही. ज्यांच्याकडे सगळी यंत्रे नवी आहेत आणि घर काँक्रीटच्या पातळ भिंतींचे आहे, त्यांनी थोडे जास्त पैसे घालून वाय-फाय 6 चा राउटर घ्यावा. चिऱ्याच्या घरात राहणाऱ्यांनी मात्र तेच जास्तीचे पैसे कॅट 6 केबलवर आणि मागच्या पडवीत ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायच्या एखाद्या साध्या राउटरवर खर्च करावेत, असे मी सुचवीन.