लुईस-क्लार्कचा संच: सात महिने वर्गात वापरल्यावर

गेल्या सप्टेंबरात तिसरीच्या वर्गासाठी लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचा (1804 ते 1806, राष्ट्राध्यक्ष जेफर्सनने पश्चिमेकडे पॅसिफिकपर्यंत धाडलेली) एक तयार संच घेतला. किंमत 110 डॉलर; निम्मे शाळेने दिले, निम्मे माझ्या पर्समधून गेले. आता एप्रिल लागलाय आणि खोक्याचे दोन कोपरे चिकटपट्टीच्या भरवशावर उभे आहेत, तेव्हा मत द्यायला हरकत नाही. इथे अमेरिकेत घरीच मुलांना शिकवणारे बरेच मराठी पालक या संचाबद्दल विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आत काय येतं, तर जमिनीवर अंथरायचा मोठा मेणकापडी नकाशा, मोहिमेच्या रोजनिशीतल्या उताऱ्यांची लॅमिनेट केलेली पानं, निळ्या मण्यांची पिशवी, सहा होकायंत्रं, फाशांचा एक खेळ आणि शिक्षकांसाठी पुस्तिका. होकायंत्रांबद्दल न बोललेलंच बरं. सहापैकी तिघांचे काटे पहिल्या दिवसापासून खिडकीकडे तोंड करून बसलेत.

नकाशा मात्र वसूल. आम्ही सेंट लुईसच्या उपनगरात राहतो, मिझुरी नदी मुलांच्या रोजच्या बघण्यातली. तरी मोहीम प्रवाहाच्या उलट दिशेने गेली हे बोटाने रेघ ओढेपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. "म्हणजे पाण्याविरुद्ध? सगळा वेळ?" हो, 14 मे 1804 ला निघाल्यापासून पार डोंगरांपर्यंत. त्यांच्या कीलबोटीची, म्हणजे सामान वाहणाऱ्या लांबट नदीबोटीची, लांबी 55 फूट, रुंदी 8 फूट. पुस्तिकेने हे आकडे एका ओळीत उरकलेत. आम्ही मैदानावर टेप लावून खडूने आख्खी बोट आखली, आत वर्गातली सगळी दप्तरं सामान म्हणून रचली आणि मग मुलांना उभं केलं. पहिला प्रश्न आला, "झोपायचं कुठे?" दुसऱ्या दिवशी खेळाच्या खोलीतला रस्सीखेचीचा दोर आणला, बर्फावरच्या घसरगाडीत पुस्तकं भरली आणि ती गवतावरून ओढायला लावली, कारण वारा नसला आणि वल्ही पुरेनाशी झाली की ती माणसं काठावरून बोट दोराने ओढत. दहा मिनिटांत तळहात लाल झाले. त्यानंतर दिवसाला दहा-पंधरा मैल हा आकडा कुणालाच "एवढंच?" वाटला नाही. पुढे सहल नेली ती इलिनॉयमधल्या हार्टफर्डला, मोहिमेचा पहिला हिवाळी तळ होता त्या भागात. तिथल्या संग्रहालयात उभी चिरून आतलं दाखवणारी पूर्ण आकाराची कीलबोट आहे. "आपली पण एवढीच होती," असं एकीने तिथल्या मार्गदर्शकाला ऐकवलं.

संचाचा खरा जीव रोजनिशीच्या पानांत आहे. मूळ शुद्धलेखन जसंच्या तसं ठेवलंय, आणि क्लार्कसाहेबांचं शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद. डासाचं स्पेलिंग दर वेळी नवं. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या वहीत लाल खुणाच जास्त, त्यामुळे लिहायचं म्हटलं की त्याचं पोट दुखतं. त्याने ते पान माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, "याला कोणी रागावलं नाही?" तेव्हापासून तो रोज चार ओळी लिहितो. बिळात पिंपांमागून पिंपं पाणी ओतून पकडलेलं प्रेअरी डॉग (माळरानात बिळं करणारा, खारीच्या कुळातला प्राणी) जिवंत जेफर्सनपर्यंत पोचलं, ही गोष्ट तर आठवडाभर पुरली. पण लुईसची लोखंडी सांगाड्याची नाव पुस्तिकेने गाळलीय, याचं मला अजून वाईट वाटतं. सांगाडा पूर्वेकडून वाहून आणला, मिझुरीवरच्या ग्रेट फॉल्स धबधब्यांपाशी त्यावर कातडी चढवली, आणि शिवणी बुजवायला डांबर हवं तर आसपास पाइनची झाडंच नाहीत! जुलै 1805 मध्ये नाव गळली आणि तिथेच सोडून द्यावी लागली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना फजिती कळते, फत्तेपेक्षा लवकर कळते.

आता फाशांचा खेळ. फासा टाकायचा, पुढे सरकायचं, 'नवा प्रदेश शोधला' असं कार्ड आलं की दोन गुण. तिसऱ्या डावात एका मुलीने मॅन्डन या मूळनिवासी लोकांच्या गावांवर बोट ठेवलं. "इथे तर लोक राहतात. मग शोधला कोणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, पण ते खेळाच्या नियमात बसत नव्हतं. नाइफ नदीच्या मुखाजवळच्या मॅन्डन आणि हिदात्सा गावांत तेव्हाच्या सेंट लुईसपेक्षा जास्त वस्ती होती. जानेवारी 1805 मध्ये मॅन्डन प्रमुख शेहेके क्लार्ककडे जेवायला आला आणि त्याने डोंगरांपर्यंतच्या मुलखाचा नकाशा काढून दिला. मी तो खेळ बंद केला. मग मोठ्या नकाशावर पुढची वाट कोणी सांगितली, घोडे कोणी दिले, उपाशी असताना कोणी जेवू घातलं, तिथे तिथे निळे मणी ठेवायला लावले. मॅन्डन, शोशोनी, नेझ पर्स, क्लॅटसॉप... पिशवी संपत आली.

यॉर्कचं कार्ड ही दुसरी तक्रार. 'क्लार्कचा विश्वासू साथीदार' एवढंच छापलंय. तो क्लार्कचा गुलाम होता हा शब्द आख्ख्या संचात नाही. उलट 24 नोव्हेंबर 1805 ला पॅसिफिकजवळ हिवाळ्याचा मुक्काम कुठे करायचा यावर सगळ्यांचं मत घेतलं, त्यात यॉर्क आणि मोहिमेसोबतची शोशोनी दुभाषी साकागाविया यांचंही, हे पान मोठ्या अभिमानाने दिलंय. पान चांगलंच आहे, पण मुलं हिशेबाला पक्की. सैनिकांना दुप्पट पगार आणि 320 एकर जमीन, साकागावियाच्या नवऱ्याला 500 डॉलरवर मोबदला, आणि तान्हं मूल पाठीला बांधून समुद्रापर्यंत गेलेल्या तिला शून्य, यॉर्कलाही शून्य. "साथीदार होता तर पैसे का नाही?" परत आल्यावरही क्लार्कने त्याला कित्येक वर्षं गुलामच ठेवलं, हे मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं. कार्डावर आता माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. कंपनीला दोनदा ईमेल केली. पोच आली, उत्तर नाही.

जाता जाता, साकागावियाच्या नावातला 'ग' आपल्या गवतातला आहे, 'ज' नाही. इंग्रजीत बरेच जण 'ज' म्हणतात आणि पुस्तिकेसोबतच्या ध्वनिफितीतही तसंच आहे. मी फळ्यावर देवनागरीत लिहून एकेक अक्षर वाचून दाखवलं. निम्मा वर्ग आता वहीवर आपलं नाव देवनागरीत लिहून मागतोय.

घ्यावा का? वर्ग तिसरी-चौथीचा असेल, नकाशा अंथरायला जागा असेल आणि पुस्तिका बाजूला ठेवायची तयारी असेल, तर घ्या. घरी एकाच मुलासाठी 110 डॉलर मला जास्त वाटतात, दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतला तर परवडेल. लॅमिनेशन दणकट आहे, पानांवर दोनदा ज्यूस सांडूनही अक्षर शाबूत. मणी मात्र जास्तीचे आणून ठेवा. फासे आम्ही गणिताच्या तासाला नेलेत.