हाकोनेची फेरी उलट्या दिशेने केलेली बरी

टोकियोच्या शिंजुकू स्थानकातून रोमान्सकार या जलद रेल्वेने साधारण दीड तासात हाकोने-युमोतो येतं, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हाकोने या डोंगराळ भागाचं प्रवेशद्वार. तिथून डोंगरी रेल्वे, केबल कार, रोपवे, आशी तळ्यातलं जहाज आणि बस अशी मोठी फेरी करता येते. हे सगळं 'हाकोने फ्री पास' या एकाच तिकिटात बसतं आणि सोय खरोखर उत्तम आहे. पण बहुतेक लोक ज्या दिशेने ही फेरी करतात, ती दिशा अडचणीची आहे.

नेहमीचा क्रम म्हणजे युमोतो, गोरा, ओवाकुदानी ही ज्वालामुखीची वाफाळती दरी, मग तळं आणि शेवटी बसने परत. त्यामुळे सकाळी दहा ते बारा या वेळात गोराच्या केबल कारला लांब रांग लागते. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी तळ्याकाठच्या मोतो-हाकोनेहून निघालेली बस राष्ट्रीय महामार्ग 1 वरच्या गर्दीत अडकते. शनिवार-रविवारी आणि पानं रंगायच्या दिवसांत ही कोंडी हमखास असते, आणि तिचा फटका थेट जेवणाला बसतो. कारण पारंपरिक सराय, म्हणजे र्‍योकान, रात्रीचं जेवण सहा-साडेसहालाच मांडते आणि उशिरा येणाऱ्यासाठी सहसा थांबत नाही.

म्हणून सकाळी लवकर युमोतोहून 'एच' मार्गाच्या बसने आधी मोतो-हाकोने गाठावं. तेव्हा रस्ता मोकळा असतो. हिवाळ्यात फुजी दिसायची शक्यताही सकाळीच जास्त, दुपारपर्यंत ढग चढतात. हाकोने देवस्थानाची पाण्यातली लाल कमान आधी उरकून घ्यावी, कारण तिथे फोटोसाठी लागणारी रांग तासागणिक वाढत जाते. मग जहाजाने तळ्याच्या दुसऱ्या टोकाचं तोगेनदाई, रोपवेने ओवाकुदानी (16 मिनिटं), पुढे सोउनझान (आणखी 8 मिनिटं), केबल कारने गोरा, आणि मुक्काम गोरातच. युमोतोला उतरायचं असेल तरी शेवटचा टप्पा रुळांवरून होतो, आणि रुळांवर वाहतूक तुंबत नाही.

पास घेताना दोन गोष्टी नीट पाहा. रोमान्सकारचं आरक्षण शुल्क त्यात धरलेलं नसतं, ते वेगळं भरावं लागतं. दुसरं म्हणजे हाकोनेत ओदाक्यू आणि सेइबू या दोन उद्योगसमूहांची जुनी चढाओढ आहे, त्यामुळे एकाच थांब्यावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बस येतात. हा पास ओदाक्यू गटाचा आहे, सेइबू गटातल्या इझुहाकोने कंपनीच्या बसमध्ये तो चालत नाही. तळ्यातही तसंच. पासावर चालतं ते चाच्यांच्या गलबतासारखं सजवलेलं जहाज, दुसऱ्या कंपनीच्या बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. चढण्याआधी चालकाला पास दाखवून विचारून घ्यावं.

रोपवे हा या फेरीतला सगळ्यात नाजूक दुवा. जोराचा वारा सुटला किंवा ओवाकुदानीतल्या ज्वालामुखी वायूचं प्रमाण वाढलं, की तो थांबवतात. 2015 मध्ये ज्वालामुखीच्या हालचालींमुळे तो बराच काळ बंद होता. सकाळी निघण्याआधी संकेतस्थळावर त्याची स्थिती बघायलाच हवी. पर्यायी बस सोडतात, पण तिला वेळ फार लागतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ओवाकुदानीला उतरू नये, अशी सूचना तिथे जागोजागी दिलेली असते. ती गांभीर्याने घ्यावी.

ओवाकुदानीची काळी अंडी प्रसिद्ध आहेत. झऱ्याच्या पाण्यातलं लोह कवचावर बसतं, हायड्रोजन सल्फाइडशी त्याची क्रिया होऊन आयर्न सल्फाइड तयार होतं आणि कवच काळंकुट्ट पडतं. आत मात्र नेहमीचंच उकडलेलं अंडं, चवीत फारसा फरक नाही. सुटं एक मिळत नाही, पाकीटच घ्यावं लागतं, तेव्हा चौघांत मिळून घेतलेलं परवडतं.

गोरा ते युमोतो ही 1919 पासून धावणारी डोंगरी रेल्वे घाईत झोपून घालवायची नाही. उतार हजारात 80, म्हणजे साडेबारा मीटरला एक मीटर. तीन ठिकाणी गाडी दिशा बदलते. तिथे चालक आणि गार्ड उतरून फलाटावरून चालत एकमेकांच्या टोकाला जातात, आणि मगाशी शेवटचा असलेला डबा आता पुढचा होतो. वळणं इतकी तीव्र आहेत की चाकं आणि रूळ झिजू नयेत म्हणून गाडी रुळांवर पाणी शिंपडत जाते. तेल वापरलं तर अशा उतारावर चाकं घसरतील. जून-जुलैत रुळांच्या कडेची हायड्रेंजिया फुलते, तेव्हा गर्दीची तयारी ठेवा.

आता मुख्य गोष्ट, गरम झऱ्याच्या पाण्यातलं स्नान. युमोतोचं पाणी स्वच्छ आणि अल्कधर्मी, तर गोरा आणि सेंगोकुहाराच्या बऱ्याच सरायांमध्ये ओवाकुदानीहून आलेलं दुधाळ, गंधकाचं पाणी असतं. ज्वालामुखीच्या वाफेत पाणी मिसळून ते तयार करतात आणि नळांनी खाली आणतात. गंधकाचा अनुभव हवा असेल तर खोली घेण्याआधी पाण्याचा प्रकार विचारा, नुसतं 'ओन्सेन', म्हणजे गरम झरा, लिहिलेलं पुरेसं नाही. चांदीचे दागिने काढून ठेवा, या पाण्यात ते काळे पडतात.

कुंडात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं आणि फेस पूर्ण काढायचा. पोहण्याचे कपडे चालत नाहीत, केस बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाणी बहुधा 40 ते 42 अंश असतं, म्हणून पहिल्यांदा पाच-सात मिनिटंच बसा. चक्कर येते ती बहुतेक वेळा झटकन उठल्यामुळे किंवा मद्य घेऊन उतरल्यामुळे. गोंदण असेल किंवा सगळ्यांसमोर विवस्त्र व्हायचा संकोच असेल, तर तासावर मिळणारं खासगी कुंड आधीच राखून ठेवा.

शाकाहारी असाल तर तसं खोली राखतानाच कळवा, पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही. भाजीच्या पदार्थातही सुक्या बोनितो माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो, म्हणून 'मांस नको' एवढं पुरत नाही, 'माशाचा दाशीसुद्धा नको' हे स्पष्ट लिहावं लागतं.