परातीतले चिंचोके की पडद्यावरचा समुद्र?

'अतिमासेमारी' हा शब्द मुलं परीक्षेपुरता पाठ करतात. पण सगळ्यांच्या मालकीची गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत संपते कशी, हे फळ्यावर लिहून कळत नाही. ते खेळताना कळतं. वर्गात घेण्यासारखे दोन खेळ आहेत. एक चिंचोक्यांचा, घरगुती. दुसरा 'फिशबँक्स', संगणकावरचा. माझं मत आधीच सांगते: दहावीपर्यंत चिंचोके घ्या, फिशबँक्स कॉलेजसाठी ठेवा.

चिंचोक्यांचा खेळ असा. चार मुलं, मधे परात, परातीत २० चिंचोके. हा आपला समुद्र; यात २० पेक्षा जास्त मासे मावत नाहीत. एक फेरी म्हणजे एक हंगाम. ज्याला हवे तेवढे त्याने उचलावेत, पण एक तरी हाती लागलाच पाहिजे, नाहीतर घर उपाशी. फेरीनंतर उरलेले मासे दुप्पट होतात, २० पर्यंतच. पहिल्या डावात एकमेकांशी बोलायचं नाही.

चौघांनी दोन-दोन घेतले तर १२ उरतात आणि परात पुन्हा २० वर येते. हे कितीही हंगाम चालू शकतं. तीन-तीन घेतले तर ८ उरतात, त्यांचे १६ होतात. पुढच्या हंगामात ४ उरतात, त्यांचे ८. आणि तिसऱ्या हंगामात चौघांना तीन-तीन पुरतच नाहीत. तीन हंगामांत ३२ मासे आणि परात रिकामी. दोन-दोनवर थांबलेल्या गटाला दहा हंगामांत ८० मिळतात. हे गणित मुलांनाच मांडू द्या. बहुतेक गट मात्र तिथवर पोचतच नाहीत. पहिल्याच फेरीत हातघाई होते आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात. ती शांतता वाया घालवू नका. "तू का घेतलेस?" एवढंच विचारा. "मी नसते घेतले तर त्याने घेतले असते," हे उत्तर हमखास येतं, आणि धडा तिथून सुरू होतो.

फिशबँक्स अमेरिकी शास्त्रज्ञ डेनिस मेडोज यांनी घडवला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या स्लोन व्यवस्थापन संस्थेने तो इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. प्रत्येक गट ही मासेमारी कंपनी. नौका लिलावात घ्यायच्या, नव्या बांधायला टाकायच्या, खोल समुद्रात पाठवायच्या, किनाऱ्याजवळ, की बंदरातच ठेवायच्या, हे दर वर्षी ठरवायचं. परातीत जे दिसत नाही ते इथे दिसतं: मासा कमी झाला तरी घेतलेली नौका नाहीशी होत नाही, पैसा तिच्यात अडकलेला असतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा असाच संपत गेला. १९९२ च्या जुलैमध्ये तिथे कॉडची मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं, आणि बंदी उठायला २०२४ उजाडलं. पण फिशबँक्सला दोन-तीन तास, चालू इंटरनेट आणि बऱ्यापैकी इंग्रजी लागतं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ते बसत नाही.

फिशबँक्सचा आणखी एक गुण म्हणजे समुद्रात किती मासा उरला ते खेळणाऱ्याला कळत नाही. परातीत सगळं उघडं असतं. उपाय सोपा आहे: परातीवर फडकं टाका आणि हात खाली घालून चाचपायला लावा. पुढच्या डावात एकाला वाटी द्या, बाकीच्यांना चमचे. चमचेवाले भांडायला लागतील. कोकणात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं वापरणारे) यांच्यात हेच भांडण आहे. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. कोळीवाड्यातली मुलं वर्गात असतील तर त्यांना बोलू द्या, तुम्ही ऐका.

शेवटचा डाव चुकवू नका, वेळ कमी असेल तर आधीची एक फेरी गाळा. या डावात मुलांनी आपसात बोलून नियम करायचे. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये गायरानाचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की सामाईक साधन सरकारच्या किंवा खासगी हातात गेल्याशिवाय वाचत नाही. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं की लोक आपले नियम करून ते पाळतातही. त्या कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परात रिकामी करूनच खेळ थांबवलात तर मुलं 'माणूस हावरट असतो' एवढंच घेऊन घरी जातील. बोलायला दिलं की कुणीतरी "एक हंगाम सगळ्यांनी कमी घेऊ या" म्हणतं, आणि मग पश्चिम किनाऱ्यावरच्या १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीची गोष्ट सांगायला जागा होते.

समुद्र न पाहिलेल्या मुलांसाठी परातीत पाणी समजा. चौघे शेतकरी, खाली एकच भूजल. ज्वारीला एक चिंचोका, उसाला पाच. दोन फासे टाकायचे आणि पडेल ते दान म्हणजे त्या वर्षीचा पाऊस, तेवढे चिंचोके परातीत. सरासरी दान ७ चं असतं. एकानेच ऊस आणि बाकी तिघांनी ज्वारी लावली तरी खर्च ८ होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात ग्रामसभा दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यावर पिकं ठरतात आणि शेतीसाठी बोअरवेल घेऊ दिली जात नाही. हे मुलांना खेळ झाल्यावर सांगा, आधी नको.